एकटीने साहसी सहलीला जाताना दुसऱ्या माणसाची कामे कोण करणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१, प्रकृती उत्तम, अनुभव म्हणाल तर दिवसभराचे काही ट्रेक आणि एकदा केलेले राफ्टिंग. मैत्रिणींच्या रजा जुळत नाहीत, म्हणून १०-१२ दिवसांची साहसी सहल आता एकटीनेच करायची आहे. पूर्णपणे स्वतंत्र जावे की अनोळखी लोकांच्या गटात सामील व्हावे, कोणता साहसप्रकार निवडावा आणि आयोजक भरवशाचा आहे की नाही हे कसे ओळखावे, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी गेली २२ वर्षे उंच डोंगरांतल्या पदभ्रमण मोहिमांचे नेतृत्व करते. माझ्या जवळजवळ प्रत्येक गटात एकट्याने आलेले दोघे-तिघे असतात, आणि त्यांच्या अडचणी मित्रमंडळींसोबत आलेल्यांपेक्षा वेगळ्या असतात, हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षे लागली.

एकटीने जाण्याचा विषय निघाला की बोलणे लगेच धाडसावर येते. मला तो मुद्दा गौण वाटतो. त्याऐवजी असे विचारून पाहा, की सोबतीला कुणी असते तेव्हा तो माणूस नेमकी कोणती कामे करत असतो? एक म्हणजे त्याची नजर तुमच्यावर असते. तुमचा चेहरा उतरला, पाय लटपटू लागले किंवा हार्नेसचे (दोराला जोडण्याच्या कमरपट्ट्याचे) बकल नीट बसले नाही, तर ते तुमच्याआधी त्याला दिसते. दुसरे म्हणजे तुम्ही कुठे पडलात हे त्याला ठाऊक असते आणि तो मदत आणू शकतो. आणि तिसरे, ‘आता पुरे, मागे फिरू’ हे वाक्य तो उच्चारतो. गप्पागोष्टी आणि फोटो काढायला हाताशी कुणी असणे हे सुखाचे असले, तरी त्यांच्यावाचून अडत नाही; या तीन कामांवाचून मात्र अडते. म्हणून कुठलीही सहल नक्की करण्यापूर्वी या तीन कामांपुढे कुणाचे नाव लिहिता येते ते पाहावे. एखाद्या कामापुढची जागा रिकामी राहत असेल, तर ती सहल तूर्त तुमच्यासाठी नाही.

यातले पहिले काम सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते आणि गटात सामील झाल्याने ते आपोआप होईल हा समज चुकीचा आहे. एका मोहिमेत साधारण ४,२०० मीटरवरच्या मुक्कामी एक एकटीच आलेली सदस्य संध्याकाळी जेवणाच्या तंबूत आली नाही. तिच्या तंबूपाशी गेले तेव्हा आतून ‘भूक नाही, झोप येते आहे’ असे उत्तर आले. मी तिला बूट चढवून बाहेर बोलावले, हेडलॅम्पच्या उजेडात जमिनीवर काठीने एक रेघ ओढली आणि एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत त्या रेघेवरून चालायला सांगितले. तिसऱ्या पावलाला ती डावीकडे कलली, पुन्हा प्रयत्न केला तेव्हा दुसऱ्याच पावलाला. विरळ हवेत तोल असा जाऊ लागणे हे मेंदूला सूज येऊ लागल्याचे लक्षण असू शकते, आणि त्यावर सकाळची वाट पाहणे हा पर्याय नसतो. माझा सहकारी तिला त्याच रात्री सुमारे ७०० मीटर खाली घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती सावरली. नंतर कळले की डोके सकाळपासूनच ठणकत होते. सांगितले का नाही, असे विचारल्यावर म्हणाली, ‘सगळे अनोळखी, माझ्यामुळे त्यांचा खोळंबा कशाला?’

हे उत्तर मी त्यानंतर अनेकदा ऐकले आहे. मैत्रिणींच्या गटात हे घडत नाही, कारण तिथे कुणीतरी चहाडी करतेच: ‘ताई, ही सकाळपासून काही खात नाहीये.’ अनोळखी गटात एकट्याने आलेला माणूस आपले दुखणे झाकतो आणि इतरांना त्याचा नेहमीचा चेहरा कसा असतो हेच माहीत नसल्यामुळे बदललेला चेहराही त्यांना ओळखू येत नाही. यावर उपाय साधा आहे, पण तो पहिल्याच दिवशी करावा लागतो. तंबूतल्या जोडीदाराला स्पष्ट शब्दांत सांगा, की मी एरवी भरपूर बोलते आणि पोटभर जेवते. मी गप्प झाले किंवा ताट बाजूला सारले तर मला न विचारता लीडरला सांगा. हे सांगायला अवघडल्यासारखे होते, परंतु समोरच्यालाही हायसे वाटते आणि बहुधा तोही तुमच्याकडून तेवढेच वचन घेतो.

याच कारणासाठी माझा एक सल्ला तुम्हाला कदाचित रुचणार नाही. बरेच आयोजक एकट्या प्रवाशाकडून स्वतंत्र खोलीसाठी आणि स्वतंत्र तंबूसाठी जादा शुल्क घेतात, किंवा मग बाईची बाईशी आणि पुरुषाची पुरुषाशी अशी अनोळखी सदस्यासोबत जोडी लावून देतात. शहरातल्या मुक्कामांसाठी स्वतंत्र खोली अवश्य घ्या, पण ३,००० मीटरच्या वर, निदान पहिल्या सहलीत, तंबू दुसऱ्या बाईसोबत वाटून घ्या. रात्री श्वास घरघरतो आहे हे झोपलेल्या माणसाला स्वतःला ऐकू येत नाही. जोडीदार स्त्रीच असेल हे मात्र आयोजकाकडून लेखी घ्या. संख्या जुळली नाही तर काय करणार, हेही त्याच पत्रात विचारा.

उंचीबद्दल बोलतोच आहोत तर कार्यक्रमपत्रिका कशी वाचायची तेही सांगते. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर ३-४ दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा, असा पर्वतीय वैद्यकातला सर्वमान्य दंडक आहे. दिवसा याहून उंच चढून खाली झोपायला येण्यास हरकत नसते. आता आफ्रिकेतल्या किलिमांजारो पर्वताच्या मरांगू वाटेचे उदाहरण घ्या. या वाटेवरच्या झोपड्यांचे मुक्काम साधारण २,७००, ३,७०० आणि ४,७०० मीटरवर आहेत, म्हणजे एकेका दिवसात हजार मीटरची उडी, आणि त्यानंतर मध्यरात्री निघून ५,८९५ मीटरचे शिखर. ही वाट ५ दिवसांतही विकली जाते. मधल्या मुक्कामी एक रात्र वाढवलेली ६ दिवसांची सहल थोडी बरी, आणि दुसऱ्या एखाद्या वाटेने ७-८ दिवसांची त्याहून बरी. जाहिरातीतले शिखराचे छायाचित्र बाजूला ठेवून फक्त मुक्कामांची उंची एका कागदावर उतरवून काढलीत, तर आयोजकाचा अर्धा स्वभाव तिथेच कळतो.

पाण्याखाली हे नजर ठेवण्याचे काम आणखी नाजूक होते. स्कूबा डायव्हिंग जोडीनेच करायचे असते, पण एकटा आलेला डायव्हर ज्याच्याशी जोडला जातो तो बोटीवर उरलेला दुसरा एकटा असतो, आणि दोघांनाही एकमेकांची सवय, हवा वापरण्याचा वेग, घाबरल्यावर काय करतात, यातले काहीच ठाऊक नसते. अशा वेळी आपल्या एकूण डाइव्ह किती आणि शेवटची कधी केली हे खरे सांगावे, नवख्या माणसाने आपल्याला प्रशिक्षकाच्याच जोडीला द्यावे अशी विनंती करावी आणि पाण्यात उतरण्यापूर्वी टाकीत किती हवा उरली असता मागे फिरायचे ते हाताच्या खुणांसह ठरवून घ्यावे. सुरुवातीचे प्रमाणपत्र असेल तर १८ मीटर ही आपली मर्यादा आहे. ‘थोडे खाली कासव दिसते’ असे कुणी म्हटले तरी ती तेवढीच राहते. आणि परतीचे विमान जवळ असेल तर शेवटचा दिवस कोरडा ठेवा: एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास उड्डाण टाळायचे असते, कारण शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा अवधी लागतो.

राफ्टिंग हा एकट्या माणसासाठी मला सर्वांत सोयीचा प्रकार वाटतो. राफ्ट एकट्याने चालतच नाही. सहा-आठ वल्ही, मागे गाइड, आणि चांगल्या आयोजकाकडे पाण्यात पडलेल्यांना उचलायला सोबत एक सुरक्षा कयाक (एका माणसाची छोटी, चपळ होडी) असते. पहिल्या तासाभरातच अनोळखीपणा धुऊन निघतो, हा आणखी एक लाभ. नदीच्या काठिण्याची आंतरराष्ट्रीय श्रेणी १ (सर्वांत सोपी) ते ६ (सर्वांत अवघड) अशी आहे. तुमच्या अनुभवाला ३ पुरेशी आहे, आणि पावसानंतर किंवा बर्फ वितळल्यावर तीच नदी एक श्रेणी वर गेलेली असू शकते, एवढे ध्यानात ठेवा.

आता दुसरे काम, मदत आणण्याचे. २००३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात एका अरुंद घळीत उतरताना ॲरन राल्स्टन या गिर्यारोहकाचा उजवा हात निसटलेल्या शिळेखाली अडकला. तो नवखा मुळीच नव्हता. पण आपण कुठे जातो आहोत हे त्याने कुणालाच सांगितले नव्हते, त्यामुळे त्या घळीत त्याला शोधायला कुणी येण्याची शक्यताच नव्हती. पाच दिवसांहून अधिक काळ तो तिथे अडकून पडला आणि शेवटी स्वतःचा हात कापून बाहेर आला. ही गोष्ट त्याच्या जिद्दीसाठी सांगितली जाते. मी ती माझ्या सदस्यांना न लिहिल्या गेलेल्या एका चिठ्ठीसाठी सांगते.

त्या चिठ्ठीत काय असावे? रोजचा मार्ग आणि मुक्काम, पर्यायी वाट ठरवली असेल तर तीही, तंबूचा आणि जॅकेटचा रंग, विमा पॉलिसीचा क्रमांक, तिथल्या बचाव यंत्रणेचा दूरध्वनी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक वेळ. ‘फोन लागला नाही तर काळजी करू नकोस’ असे सांगून निघणे याचा अर्थ शोध सुरू होण्याची वेळच आपण पुसून टाकतो. त्याऐवजी ‘मंगळवारी संध्याकाळी ७ पर्यंत माझा निरोप आला नाही तर रात्री ९ वाजता या क्रमांकावर फोन कर’ असे लिहा, आणि ही चिठ्ठी अशा माणसाला द्या जो ९ वाजता खरोखर फोन करील, संकोचाने दुसऱ्या दिवसावर ढकलणार नाही. सर्वांत प्रेमाचा माणूस या कामाला योग्य असतोच असे नाही. ती वेळ ठरवताना स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ याने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा अजूनही चालतो: सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. पाठीवर ओझे असेल आणि थांबत-थांबत जायचे असेल, तर त्यात सढळ हाताने भर घाला.

मोबाइलची रेंज जिथे संपते तिथे उपग्रहाद्वारे संकट कळवणारे उपकरण हवे. त्यात दोन प्रकार आहेत. वैयक्तिक बीकन ४०६ मेगाहर्ट्झवर फक्त संकटाचा संदेश पाठवतो. त्याला मासिक शुल्क नसते, पण त्याची तुमच्या नावाने नोंदणी केलेली असावी लागते. उपग्रह-मेसेंजरवरून दोन्ही बाजूंनी मजकूर पाठवता येतो, त्यामुळे ‘पाय मुरगळला आहे, जिवाला धोका नाही’ असे तपशीलवार सांगता येते. पण भारतासह काही देशांत उपग्रह-संपर्काची साधने परवानगीविना जवळ बाळगणे हा गुन्हा आहे आणि त्यापायी प्रवाशांना अटकही झालेली आहे; सामान भरण्यापूर्वीच त्या देशाचा नियम पाहा. शिट्टीला मात्र कुठेच परवानगी लागत नाही: एका मिनिटात ६ वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा ६ वेळा, हा डोंगरातला संकटाचा ठरलेला इशारा आहे. शिट्टी सॅकच्या तळाशी न ठेवता छातीवरच्या पट्ट्याला बांधा.

विमा हाही मदत आणणाराच एक माणूस आहे, म्हणून पॉलिसीतल्या चार गोष्टी स्वतः वाचा. साहसप्रकाराचे नाव स्पष्टपणे लिहिलेले आहे का. उंचीची किंवा खोलीची मर्यादा किती, कारण अनेक साध्या प्रवास-विम्यांचे संरक्षण ठरावीक उंचीपाशी संपते. रुग्णालयाच्या खर्चाखेरीज शोध आणि हेलिकॉप्टरने सुटका यांचा खर्च मिळतो का. आणि हेलिकॉप्टर बोलावण्यापूर्वी विमा कंपनीची संमती लागते का. मित्रांसोबत असताना हा फोन दुसरा कुणी करतो. एकटीने जाताना तो क्रमांक लीडरकडे आणि तुमच्या चिठ्ठीत, दोन्हीकडे असायला हवा.

तिसऱ्या कामाबद्दल, मागे फिरवण्याबद्दल, गट पूर्ण भरवशाचा असतो असे समजू नका. १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर व्यावसायिक गाइड असलेल्या गटांतले अनेक जण परत फिरण्याची वेळ टळून दुपारचे २ वाजून गेल्यावरही शिखराकडे चढत राहिले. वादळाने गाठल्यावर त्या १० आणि ११ तारखांना ८ गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. खर्च केलेला पैसा, साठवलेली रजा आणि समोर दिसणारे टोक यांच्यापुढे माणसाचा विवेक लवचिक होतो, आणि एकट्या माणसाला तर वाद घालणाराही कुणी नसतो. म्हणून परतीची वेळ आदल्या रात्री, पाय गरम आणि डोके शांत असताना लिहून ठेवावी. मी स्वतः एकटी जाते तेव्हा तीन गोष्टी ठरलेल्या असतात: लिहिलेली वेळ झाली, गुडघ्याच्या वर वेगाचे पाणी आडवे आले, किंवा नकाशावरची माझी जागा मला बोटाने दाखवता येईनाशी झाली, की परत.

आता स्वतंत्र की गटात, या तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे वळते. काही ठिकाणी हा निर्णय तुमच्या हातात नसतो. किलिमांजारोवर परवानाधारक गाइडविना जाता येत नाही, पेरूतल्या इंका वाटेवर अधिकृत आयोजकामार्फतच प्रवेश मिळतो, आणि नेपाळने १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकर्सना गाइड सक्तीचा केला आहे. जिथे मोकळीक आहे तिथे तुमच्यासाठी एक मधला मार्ग आहे, तो म्हणजे खुणा केलेल्या, झोपडी ते झोपडी जाणाऱ्या वाटा. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वताला वळसा घालणारी सुमारे १७० किलोमीटरची वाट हे याचे चांगले उदाहरण. दिवसभर आपल्या चालीने एकटे चालता येते, पण मागे-पुढे माणसे असतात आणि रात्रीची खाट आधी राखून ठेवलेली असते. ‘मी आले नाही तर तुम्ही काय करता?’ हे मात्र झोपडीच्या व्यवस्थापकाला विचारून घ्यावे. काही जण फोन करून पाहतात, काही जण खाट सरळ दुसऱ्याला देतात.

तुमच्या जागी मी असते, तर पहिली सहल ८ ते १२ जणांच्या, ठरलेल्या तारखेला निघणाऱ्या गटासोबत आणि मुक्काम ३,५०० मीटरच्या आत ठेवून केली असती, आणि त्यानंतरच्या वर्षी झोपड्यांची वाट एकटीने धरली असती. निर्मनुष्य प्रदेशातली स्वतंत्र पदयात्रा तूर्त बाजूला ठेवा. तिथे दोघांत वाटले जाणारे तंबू, स्टोव्ह आणि औषधे यांचे सगळे ओझे एकाच पाठीवर येते, थकवा लवकर येतो आणि थकलेला माणूस चुका करतो.

आयोजकाची पारख करताना लोक प्रमाणपत्रांकडे पाहतात. ती पाहावीतच: हिमनदी आणि दोराच्या चढाईसाठी १९६५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय गाइड महासंघाचा बिल्ला असलेला गाइड मिळाला तर उत्तम, आणि साहस-पर्यटनाच्या सुरक्षा व्यवस्थापनासाठी आयएसओ २११०१ हे मानक २०१४ पासून आहे. पण कागद कार्यालयात असतो आणि तुम्ही डोंगरावर असता. मी विचारीन तो प्रश्न वेगळा आहे: ‘एक सदस्य आजारी पडला तर त्याच्यासोबत खाली कोण जाईल आणि उरलेल्यांसोबत कोण राहील?’ कारकिर्दीच्या सुरुवातीला एका आयोजकाने मला ११ जणांसोबत एकटीच लीडर म्हणून पाठवले होते. चौथ्या दिवशी एकाचा घोटा मुरगळला आणि त्याला एकट्याने खाली धाडण्यापेक्षा मी अकराही जणांना खिंडीच्या ऐन तोंडातून परत फिरवले. लोक चिडले, आणि चिडण्याचा त्यांना हक्क होता. चूक मी तो गट स्वीकारला तेव्हाच झाली होती. दोन लीडर नसतील तर एकट्या प्रवाशाने तरी तो गट घेऊ नये, कारण खाली जायची वेळ आली तर तुमच्यासोबत जायला तुमचा स्वतःचा कुणीच नसतो.

आणखी दोन प्रश्न उपयोगी पडतात. मागच्या वर्षभरात मोहीम अर्धवट सोडून परतण्याची वेळ कधी आली होती, असे विचारा. ‘आमच्याकडे असे होतच नाही’ हे उत्तर मिळाले तर आभार मानून फोन ठेवा. दुसरे, किमान सदस्यसंख्या भरली नाही तर काय, हे विचारा. कधी सहल रद्द होते, कधी तुम्हाला आयत्या वेळी भलत्याच गटात ढकलले जाते, आणि कधी केवळ तुम्ही आणि एक गाइड असे दोघेच निघता. ही तिसरी शक्यता तुम्हाला चालणार आहे का, हे आधीच लेखी कळवा. तुमची औषधे आणि जुने आजार यांची चौकशी न करता पैसे घेणाऱ्याकडे जाऊच नका.

माणसांपासूनच्या सुरक्षिततेबद्दल थोडेच सांगते. आपण आज कुठे मुक्कामाला आहोत हे समाजमाध्यमांवर त्याच दिवशी टाकू नका, दोन मुक्काम पुढे गेल्यावर टाका. आणि लीडरच्या वागण्याबद्दलच तक्रार असेल तर ती कुणाकडे करायची, त्या व्यक्तीचा क्रमांक निघण्यापूर्वी घेऊन ठेवा. गटातले पहिले दोन दिवस मात्र एकटेपणाचे जातील, कारण जोडपी आणि मित्र आपापसांत बोलत असतात. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी बुटाचा तळवा निघतो, तुमच्याकडे चिकटपट्टी असते आणि मग ते आपसूक मिटते. चिकटपट्टी मात्र न्यावी, ती खरोखरच लागते.

परत खाली आल्यावर पहिला फोन त्या चिठ्ठीवाल्या माणसाला करा, आंघोळीच्याही आधी. बेपत्ता म्हणून कळवलेला माणूस हॉटेलात गाढ झोपलेला आहे आणि बचाव पथक रात्रभर त्याला हाका मारत डोंगरावर फिरते आहे, अशा एका रात्री मीही त्या पथकात होते.